पलटणीच्या पुढे चालणारे कामगार



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने लष्करी विषयावर बोलावयास उभे राहावे, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. मी सैन्यात कधी नव्हतो. शाळाही सातवीपर्यंतच झाली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांतून आणि कामाच्या जागी भेटलेल्या माणसांकडून. परंतु रस्ते, इमारती आणि पूल बांधणाऱ्या मजुरांत तीस वर्षे हिंडल्यावर माझ्या ध्यानात आले की, आपल्याच धंद्याची माणसे लष्करातही आहेत. तेथेही गवंडी आहेत, सुतार आहेत, लोहार आहेत, वीजतंत्री आहेत, बुलडोझर चालवणारे आहेत. त्यांच्या खांद्यावर बंदूक असते एवढाच फरक. आपल्या पुण्याला लागून असलेल्या खडकीस त्यांचे मोठे केंद्र आहे. सरकारी दप्तरात त्याचे नाव बॉम्बे इंजिनियर ग्रुप. लोक त्याला बॉम्बे सॅपर्स म्हणतात. खडकीवरून रोज जाणारे-येणारे आपण हजारो लोक ती पाटी वाचतो आणि पुढे जातो. त्या पाटीमागे काय आहे, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तोफा येतात, रणगाडे येतात, निशाण घेऊन धावणारे पायदळ येते. वस्तुतः सैन्याचा पुष्कळसा वेळ लढण्यात जात नाही, तो जाण्यायेण्यात जातो. वाटेत नदी आहे आणि शत्रूने पूल उडवला आहे, तर दहा हजार माणसांची फौज काठावर खोळंबते. रस्त्यात सुरुंग पेरले असतील तर लाखो रुपयांचा रणगाडा जागचा हलू शकत नाही. पाणी पिण्याजोगे नसेल तर शत्रूच्या गोळीआधी हगवणीनेच माणसे आडवी होतात. अशा वेळी सेनापती ज्यांना हाक मारतो, ते हे सॅपर लोक. सगळ्या सैन्याने त्यांच्या मागून जावयाचे असते. म्हणजे ते सगळ्यांच्या पुढे असतात. आणि पुढे जाऊन ते काय करतात? काम करतात. ही गोष्ट साधी दिसते, पण तिच्यात बराच अर्थ भरलेला आहे.

प्रथम शब्दांचा खुलासा करू. ‘सॅप’ म्हणजे किल्ल्याच्या तटाकडे नागमोडी खणत नेलेला खंदक. त्याच्या आडोशाने वेढा घालणारे तटापर्यंत पोचत. तो खणणारा तो सॅपर. तटाखाली भुयार पाडून त्यात दारू भरणारा तो मायनर. आपल्याकडे हे काम अपरिचित नव्हते. १७०० साली औरंगजेबाने साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला. प्रयागजी प्रभू किल्ला लढवीत होते. एप्रिल महिन्यात मोगलांनी तटाखाली दोन सुरुंग उडवले. पहिल्याने तट आत कोसळला आणि काही मराठे गाडले गेले. खुद्द प्रयागजींना ढिगाऱ्यातून जिवंत उकरून काढावे लागले. दुसरा उडाला तेव्हा मात्र सारा दगडधोंडा बाहेरच्या बाजूला, हल्ल्यासाठी खाली सज्ज उभ्या असलेल्या मोगल सैन्यावरच येऊन पडला आणि त्यांची सुमारे दोन हजार माणसे मेली. दारू तीच, तट तोच. कोठे खणावे, किती खोल खणावे, जोर कोणत्या बाजूस जाईल, हा अंदाज चुकला. तात्पर्य, हे हमालीचे काम नव्हे. हा हुन्नर आहे, आणि तो चुकला तर आपलीच माणसे मरतात. बांधकामावर ज्याने परांची कोसळताना पाहिली आहे त्याला हे वेगळे सांगावयास नको.

आता इंजिनियर पलटणीची रचना पाहू. इतर देशांत जिला इंजिनियर बटालियन म्हणतात तिला आपल्या सैन्यात इंजिनियर रेजिमेंट असे नाव आहे. तिच्यात अनेक फील्ड कंपन्या, कंपनीत प्लाटून, आणि प्लाटूनमध्ये निरनिराळ्या धंद्यांत तयार झालेले जवान असतात. पायदळात ज्याला शिपाई म्हणतात त्याला येथे सॅपर म्हणतात. प्रत्येकाला बंदूक चालवता आलीच पाहिजे, आणि त्याखेरीज हातात एक धंदा असलाच पाहिजे. हे दुहेरी शिक्षण खडकीसारख्या केंद्रात मिळते. त्यांच्या अधिकाऱ्यांचे विद्यालयही आपल्या शेजारीच, दापोडीला आहे. ते १९४८ साली रुरकीहून येथे आले.

या पलटणीची कामे चार प्रकारची. पहिले, आपल्या सैन्याची वाट मोकळी करणे: पूल टाकणे, रस्ता करणे, सुरुंग काढणे. दुसरे, शत्रूची वाट अडवणे: पूल उडवणे, सुरुंग पेरणे, अडथळे उभारणे. तिसरे, आपल्या माणसांचे रक्षण करणे: खंदक, मोर्चे, दारूगोळ्याची भुयारी कोठारे. चौथे, जगण्याची सोय करणे: पाणी, वीज, निवारा, विमानांना उतरण्यासाठी धावपट्टी. म्हणजे एखाद्या नगरपालिकेचा सारा बांधकाम विभाग गोळ्यांच्या वर्षावात उभा करून कामाला लावावा, तशी ही पलटण असते. या दलाचे ब्रीद एकच शब्दाचे आहे: ‘सर्वत्र’.

आता इतिहासाकडे वळू. ईस्ट इंडिया कंपनीने १७७७ मध्ये मुंबईस ‘पायोनियर लस्कर’ नावाची एक तुकडी उभी केली. मुंबई सॅपर्स आपले मूळ तेथपर्यंत नेतात. १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, आणि १८२० मध्ये मुंबई इलाख्याच्या फौजेत सॅपर्स आणि मायनर्सची पहिली कंपनी निघाली. मद्रासचे सॅपर्स १७८० चे, बंगालचे १८०३ चे. त्यांची केंद्रे आज बंगळूरला आणि रुरकीला आहेत. मुंबई सॅपर्सना २०२० मध्ये दोनशे वर्षे पुरी झाली. या तारखांत लपवण्यासारखे काही नाही. हा सारा कारखाना परक्या सत्तेने आपले राज्य वाढवण्यासाठी काढला होता. हात आपले होते, हुकूम त्यांचा होता. गिरण्यांतही प्रारंभी तेच झाले आणि आगगाडीच्या रुळांवरही तेच झाले. परंतु हातात आलेला हुन्नर हुकूम देणाऱ्याबरोबर निघून जात नाही. १९४७ नंतर तोच हुन्नर आपल्या देशाच्या कामी आला, हे पुढे दिसेलच.

१८३९ सालची एक हकीकत सांगतो. इंग्रजांची फौज अफगाणिस्तानात गझनीच्या किल्ल्यापुढे थांबली. तट फोडण्याजोग्या मोठ्या तोफा मागे राहिल्या होत्या. किल्ल्याचे इतर दरवाजे विटांनी बंद केलेले होते, फक्त काबूल दरवाजा तेवढा उघडझाप होत असे. २३ जुलैच्या पहाटे, अंधारात, ३०० पौंड दारूच्या थैल्या उचलून एक टोळी त्या दरवाजाशी गेली. तिचा प्रमुख मुंबई इंजिनियर्सचा कॅप्टन पीट होता. त्याच्याबरोबर ड्युरंड आणि मॅक्लाउड हे दोन लेफ्टनंट, तीन सार्जंट आणि अठरा सॅपर होते. थैल्या दरवाजाला टेकवल्या, वात पेटवली, दरवाजा उडाला आणि किल्ला त्याच सकाळी पडला. आपण इतिहासाची पुस्तके चाळा. पीटचे नाव सापडते, ड्युरंडचे सापडते. वात पेटवणारा म्हणून त्याची कीर्ती झाली. त्या अठरा जणांचा मात्र आकडाच सापडतो. तटावरून गोळ्या सुटत असता पाठीवर दारू घेऊन चालत गेलेली ती माणसे कोणत्या गावची होती, त्यांतले किती घरी परत गेले, हे त्या पुस्तकांत नसते. पुलाच्या कोनशिलेवर उद्घाटन करणाऱ्याचे नाव असते आणि पूल बांधणाऱ्याचे नसते, ही रीत फार जुनी आहे.

आता १९१४ साल घ्या. पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्य फ्रान्सला गेले. त्यात मुंबई सॅपर्सच्या २० आणि २१ या क्रमांकांच्या कंपन्या होत्या. न्यूव्ह शापेल नावाचे एक खेडे जर्मनांनी घेतले होते. २८ ऑक्टोबर रोजी ते परत घेण्यासाठी ४७ वी शीख पलटण आणि सॅपर्सच्या या दोन कंपन्या पुढे सोडण्यात आल्या. त्यांना पूल बांधावयास किंवा खंदक खणावयास सांगितले नव्हते. पायदळ अपुरे पडले म्हणून पायदळासारखेच लढावयास सांगितले होते. ते लढले. उघड्या शेतातून धावत जाऊन गावात शिरले, घराघरांतून संगिनींनी लढले. मागून कुमक आली नाही. जर्मनांनी उलटून मारा केला, आणि उरलेल्यांना माघारी यावे लागले. सॅपर्सचे जवळजवळ सर्व अधिकारी मेले किंवा जखमी झाले, आणि जवानांचीही भयंकर हानी झाली.

त्या माणसांच्या धैर्याविषयी प्रश्नच नाही. प्रश्न हिशेबाचा आहे. बंदूक चालवणारा शिपाई तयार करण्यास काही महिने लागतात. पूल, सुरुंग, खंदक यांची कामे जाणणारा सॅपर तयार होण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. दोन कंपन्यांचा हुन्नर एका सकाळी खर्ची पडला. पुढचा सारा हिवाळा खंदकांच्या लढाईचा होता, म्हणजे नेमका याच माणसांच्या हातांचा होता. कुशल कामगाराला मिळेल त्या कामावर लोटणारे व्यवस्थापन आणि तो सेनापती यांत मला फारसा फरक दिसत नाही. अडचण भागते, परंतु भांडवलच खाऊन भागते.

सत्तावीस वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, तीच २१ क्रमांकाची कंपनी आफ्रिकेत सुदान आणि अबिसीनियाच्या सरहद्दीवर होती. या वेळी तिला तिचेच काम मिळाले. मेटेम्मा हे ठाणे सोडून इटालियन फौज मागे हटली, आणि जाता जाता रस्त्यात सुरुंग पेरून गेली. ३१ जानेवारी १९४१ च्या रात्रीपासून पाठलाग सुरू झाला. अगदी पुढच्या गाडीत सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत हा बावीस वर्षांचा अधिकारी आपल्या सॅपर्सच्या टोळीसह होता.

सुरुंग काढतात कसा, हे येथे समजून घेतले पाहिजे. जमिनीत पुरलेल्या सुरुंगाची कळ बहुधा त्याच्या माथ्यावर असते. वरून दाब पडला की तो उडतो. म्हणून शोधणारा माणूस पालथा पडून किंवा गुडघ्यांवर बसून संगिनीचे टोक जमिनीत तिरपे घालतो. उभे घातले तर ते कळीवर बसेल. तिरपे घातले तर सुरुंगाच्या कुशीला लागते. हाताला कठीण लागले की तो थांबतो, बोटांनी माती बाजूला करतो, आणि खालून दुसरी तार बांधलेली नाही ना हे चाचपतो. कारण उचलणाऱ्याला मारण्यासाठी अशी तार मुद्दाम बांधतात. मग सुरुंग निकामी करावयाचा, साफ केलेल्या वाटेवर फीत टाकावयाची, आणि पुन्हा वीतभर पुढे सरकावयाचे. या कामात घाई करता येत नाही. आणि पाठीमागे सारी फौज थांबलेली असल्यामुळे घाई केल्यावाचूनही भागत नाही.

भगत यांनी असे चार दिवस काम केले. ५५ मैलांच्या रस्त्यात १५ सुरुंगक्षेत्रे शोधून साफ करून घेतली. दोन वेळा त्यांची गाडी सुरुंगावर जाऊन उडाली आणि बरोबरची माणसे बळी पडली; तिसऱ्या वेळी दबा धरून बसलेल्या शत्रूने जवळून गोळीबार केला. स्फोटाने त्यांच्या कानाचा पडदा फाटला. थकून गेलेल्या भगतांना बदली घ्या म्हणून सांगण्यात आले तेव्हा त्यांनी ती नाकारली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्या मानपत्रात नकाराचे कारण नोंदले आहे. ते कारण असे की, एवढे सुरुंग काढल्यावर हे काम शेवटास नेण्याची लायकी आता आपल्याच अंगी इतरांपेक्षा अधिक आली आहे. देशासाठी मरतो, कीर्तीसाठी मरतो, अशी भाषा त्यात नाही. हे काम मला आता जमू लागले आहे, नवा माणूस आणाल तर तो आधी चुका करील, असा तो सरळ विचार आहे. जुना फिटर यंत्रावरून उठावयास तयार होत नाही तेव्हा तो याच भाषेत बोलतो. हेच भगत पुढे लेफ्टनंट जनरल झाले, आणि निवृत्तीनंतर १९७४ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचे अध्यक्ष झाले. म्हणजे पुन्हा धरणे आणि विजेच्या कामावरच आले.

आता स्वतंत्र भारताकडे येऊ, आणि कारवारच्या एका मुलाकडे. रामा राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंडिया गावचे, १९१८ चा जन्म. त्यांचे वडील पोलिसात शिपाई होते. १९४० साली राणे साधे सॅपर म्हणून मुंबई इंजिनियर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशच्या लढाईत तयार झाले, आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. म्हणजे खालून वर आलेला माणूस. काश्मीरच्या युद्धात नौशेराकडून राजौरीकडे जाणारा डोंगरी रस्ता शत्रूने जागोजागी तोडून, झाडे आडवी टाकून आणि सुरुंग पेरून बंद केला होता. तो उघडण्याचे काम राणे यांच्याकडे आले. त्यांच्या परमवीरचक्राचे मानपत्र मी वाचले तेव्हा मला ते एखाद्या कामावरच्या हजेरीपटासारखे वाटले. कारण त्यात घड्याळाच्या वेळा आहेत.

८ एप्रिल १९४८. सकाळी ११ वाजता राणे यांची टोळी रणगाड्यांजवळ कामास निघण्याच्या तयारीत असताना उखळी तोफांचा मारा झाला. दोघे मेले, राणे यांच्यासह पाच जखमी झाले. टोळीची पुन्हा जुळवाजुळव करून त्यांनी काम सुरू केले. ते रात्री १० वाजेपर्यंत, शत्रूच्या डोळ्यांदेखत चालले. ९ एप्रिल. सकाळी ६ वाजता पुन्हा आरंभ. दुपारी ३ वाजता रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार. पुढे अर्ध्या मैलावर चिडाच्या झाडांचा अडसर. तो सुरुंगाने उडवला. तीनशे यार्डांवर दुसरा. मग उडवलेली मोरी; तेथे पुन्हा वळणरस्ता. सायंकाळी सव्वासहाला पाच मोठ्या झाडांचा अडसर, भोवती सुरुंग, वर मशीनगनचा मारा. अंधार पडल्याने तेथे मुक्काम. १० एप्रिल. पहाटे पावणेपाचला त्याच अडसराशी काम सुरू, साडेसहाला तो साफ. पुढच्या हजार यार्डांत अडसरच अडसर. साडेदहापर्यंत तेही दूर. दुपारी २ वाजता रणगाडे चिंगसला पोचले. राणे मात्र मागून येणाऱ्या अन्नपाण्याच्या आणि दारूगोळ्याच्या गाड्यांसाठी रस्ता करीत मागेच राहिले, आणि न जेवता रात्री ९ पर्यंत राबले. ११ एप्रिल. सकाळी ६ वाजता आरंभ, ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला, आणि रात्री १० पर्यंत पुढचा रस्ता. दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिलला, राजौरी आपल्या हाती आली. एका टप्प्यावर राणे पुढच्या रणगाड्याखाली पालथे पडून त्याच्याबरोबर सरकत सुरुंग काढीत होते आणि दोऱ्या ओढून आतल्या चालकाला थांबण्याच्या आणि चालण्याच्या खुणा देत होते, असेही वर्णन केले जाते.

मी या तासांची बेरीज केली. चार दिवसांत पंचावन्न तासांहून अधिक भरते. त्याच १९४८ साली आपल्या देशात कारखान्यांचा कायदा झाला आणि त्याने दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा घातली. त्या मर्यादेसाठी कामगारांनी दोन पिढ्या झगडा केला होता. म्हणून सोळा सोळा तासांच्या कामाचे गोडवे मी सहसा गात नाही, आणि कोणी गाऊ लागला तर मला संशय येतो. परंतु येथे तास वाढले ते कोणाच्या नफ्यासाठी वाढले नाहीत. पुढे राजौरीत माणसांचे जीव टांगलेले होते. आणि रणगाडे पोचल्यावरही जो माणूस मागच्या रसदीच्या गाड्यांसाठी थांबतो, त्याला काम कशासाठी असते हे कळलेले असते. राणे मेजर होऊन १९६८ मध्ये निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये आपल्या पुण्यातच वारले. पहिल्या दिवशी मेलेले ते दोघे सॅपर मानपत्रात केवळ आकड्याने येतात. गझनीच्या अठरा जणांपासून एवढे तरी बदलले होते की, सॅपर म्हणून भरती झालेला माणूस आता परमवीर होऊ शकत होता. सगळे मात्र बदललेले नव्हते.

शांततेच्या काळात हे लोक काय करतात, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर एका पुलात आहे. डोनाल्ड बेली नावाच्या इंग्रज इंजिनियराने १९४० साली एक पूल योजला. त्याचे सारे तुकडे आधीच कारखान्यात तयार होतात. मुख्य तुकडा दहा फूट लांब आणि पाच फूट उंच पोलादी चौकटीचा. वजन ५७० पौंड, म्हणजे सहा माणसांना उचलता येईल असे. चौकटीला चौकट जोडावयाची आणि जाड खिळ ठोकावयाची. वितळजोड नको, रिव्हेट नको. पूल आपल्याच काठावर रुळांवर जोडीत जातात आणि जोडता जोडता नदीवर पुढे ढकलतात. टेबलावर फळी ठेवून ती काठाबाहेर सरकवून पाहा: अर्ध्याहून अधिक फळी टेबलावर आहे तोवर ती पडत नाही. तेच तत्त्व येथे आहे. म्हणून पुलाच्या पुढच्या टोकाला हलका, पाटन नसलेला सांगाडा जोडतात. तो पलीकडच्या काठाला टेकला की मागचा जड पूल त्याच्या आधाराने जातो, आणि मग तो सांगाडा सोडवून घेतात. मोठे यंत्र लागत नाही. एका तालावर उचलणारे हात लागतात, आणि ताल चुकला तर बोटे जातात.

३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळात वायनाडला डोंगर कोसळला आणि चूरलमला येथील पूल वाहून गेला. पलीकडे मुंडक्कई गाव तुटले. मद्रास इंजिनियर ग्रुपच्या जवानांनी तेथे १९० फुटांचा बेली पूल सुमारे ३१ तासांत उभा केला. दहा फुटांचा एक याप्रमाणे हिशेब केला तर ते एकोणीस खण होतात. त्या पुलावरून २४ टनांपर्यंतची वाहने जाऊ शकत होती. त्या टोळीत पुढे होत्या मेजर सीता शेळके, आपल्या नगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्याच्या. गझनीच्या दरवाजापासून आपण येथवर आलो.

परंतु या मदतीची दुसरी बाजूही आपण, शहरातल्या लोकांनी, पाहिली पाहिजे. १९६१ च्या जुलैत पानशेतचे अर्धवट बांधलेले धरण खचू लागले तेव्हा लष्कराचे जवान रात्रभर भर पावसात वाळूची पोती रचीत होते. १२ जुलैला सकाळी धरण फुटले. तेच मध्यरात्री, पुणे झोपेत असताना फुटते तर किती माणसे गेली असती याची कल्पना करवत नाही. त्या पोत्यांनी आपल्याला काही तास मिळवून दिले. धरण पुरे होण्याआधी पाणी अडवण्याचा निर्णय त्या जवानांचा नव्हता.

मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, माणसांची दाटी वाढत गेली. पूल तेवढाच राहिला. त्याबद्दल तक्रारी कित्येक वर्षे चालल्या होत्या. मग मुंबई सॅपर्सना बोलावण्यात आले. त्यांनी एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली येथे तीन पादचारी पूल उभारले आणि ते २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुले झाले. काम चोख झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र टाळी वाजवता आली नाही. जे काम काही महिन्यांत होऊ शकते ते आधी कित्येक वर्षे का होत नाही? पूल बांधणारे कामगार या शहरांत नाहीत काय? ते आहेत, आणि कामाच्या शोधात नाक्यावर उभे आहेत. सैन्याच्या पलटणीने नगरपालिकेचे काम करावे, ही सैन्याची थोरवी असेल. आपल्या कारभाराची ती नामुष्की आहे. न्यूव्ह शापेलला सॅपरकडून पायदळाचे काम घेतले गेले. आपण त्याच्याकडून आपल्या ढिलाईचे प्रायश्चित्त घेऊ नये.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून मला बसता येणार नाही. १९६० मध्ये सीमेवरचे रस्ते बांधण्यासाठी वेगळी संघटना स्थापन झाली. तिच्यात इंजिनियर दलाचे अधिकारी असतात. त्यांच्या हाताखाली रस्त्यावर खडी फोडणारे, डांबर ओतणारे पुष्कळसे लोक रोजंदारीचे असतात. झारखंड-बिहारकडून लडाखपर्यंत गेलेले. हवा विरळ, थंडी कडक, वर दरड कधी कोसळेल याचा नेम नाही. ज्या रस्त्याने सैन्य जाते तो रस्ता या दोघांनी मिळून केलेला असतो. एकाला गणवेश आहे, निवृत्तिवेतन आहे, कामी आला तर सलामी आहे. दुसऱ्याला यांतले काही नाही. सैनिकाचे काढून घ्या असे कोणी म्हणणार नाही. पण सॅपरचा मान करणाऱ्या समाजाने त्याच्या शेजारी तीच कुदळ मारणाऱ्या माणसाला निदान पुरी मजुरी, डोक्यावर टोप, दवाखाना आणि मेल्यास घरच्यांना भरपाई एवढे देणे लागते. शौर्याची पूजा करावयाची आणि त्या शौर्याच्या मुळाशी असलेल्या कामाकडे पाठ फिरवावयाची, हे फार दिवस चालणार नाही.

आपणांस एकच विनंती आहे. पुढच्या वेळी खडकीवरून जाताना ती पाटी दिसली, तर आत शेकडो तरुण पोरे सुतारकाम, गवंडीकाम, वीजकाम शिकत आहेत हे आठवा. त्यांतला कोणी उद्या कोणत्या डोंगरात संगीन तिरपी धरून जमीन चाचपीत असेल, सांगता येत नाही. आणि त्याच रस्त्याच्या कडेला खड्डा बुजवणारा माणूस दिसला, तर तोही त्याच धंद्यातला आहे हेही आठवा.